पलीकडच्या खोलीतला माणूस

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, शत्रू होणं. समोरचा हसतो. मग नाव विचारतो, आणि मी अन्वर म्हटलं की त्याचं हसणं जरा आखडतं. हे इतक्यांदा झालंय की आता मला त्याचं काही वाटत नाही, असं मी चारचौघांत म्हणतो. घरी शमीमला, म्हणजे माझ्या बायकोला, खरं काय ते माहीत आहे.

पगाराची नोकरी कॉलेजात होती. संरक्षणशास्त्र शिकवायचो. पण या अंकाच्या संपादकबाई ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हणाल्या तेव्हा कॉलेज डोळ्यांपुढे आलंच नाही. आली ती पलीकडची खोली.

कशेळ्याहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक प्रशिक्षण केंद्र आहे. मधे अंगण, दोन बाजूंना दोन लांबट खोल्या आणि टोकाला एक छोटी खोली. एक निवृत्त कर्नल ते चालवतात, सगळे त्यांना साहेबच म्हणतात. तिथे तरुण सरकारी अधिकारी, पत्रकार, प्राध्यापक अशी मंडळी दोन-तीन दिवस राहतात आणि युद्ध खेळतात. खेळतात म्हटलेलं साहेबांना चालत नाही, ‘सराव’ म्हणायचं. एका खोलीत आपला देश बसतो, ती अलीकडची. दुसरीत शेजारचा देश, ती पलीकडची. टोकाच्या खोलीत साहेब. कागदावर देशांना नावं नसतात, पण कुठल्या खोलीत कोण हे शेंबड्या पोरालाही कळेल.

नियम एकच, पण कडक. दोन खोल्यांनी एकमेकींशी बोलायचं नाही. एका खोलीने फौज हलवली, विमानं उडवली, निवेदन काढलं, की ते साहेबांना सांगायचं, आणि साहेब दुसऱ्या खोलीला कळवणार. काय केलं तेवढंच. का केलं, ते नाही. चहासुद्धा वेगवेगळा. पहिल्या सरावाला अंगणात एकत्र चहा ठेवला होता. दोन्ही देशांचे पंतप्रधान बटाटेवडा खाता खाता ‘अहो, आम्हाला तसं म्हणायचंच नव्हतं’ म्हणून मोकळे झाले आणि सगळं युद्ध वाया गेलं. साहेब असे भडकले की विचारू नका. खऱ्या जगात असं अंगण नसतं, म्हणाले.

पलीकडच्या खोलीत बसायला कुणी तयार नसायचं. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “मास्तर, तुम्हाला त्यांचं जरा आतून कळेल.”

मी म्हटलं, “साहेब, माझा जन्म कशेळ्याचा. बापाचं किराणा दुकान. आम्ही घरात बोलतो ती इथलीच मराठी. सीमा म्हणून मी एकच पाहिलीय, रायगड जिल्ह्याची, तीही एसटीतून.”

ते हसले. मीही हसलो, आणि जाऊन बसलो. एकदा बसलो तो बसलोच. वर्षानुवर्षं ती खुर्ची माझी झाली. प्रत्येक सरावाला अलीकडे नवी माणसं, पलीकडेही दोन-चार नवी, पण त्यांचा मुख्य मीच.

बसल्या बसल्या मी पहिलं काय केलं, तर भिंतीवरचा नकाशा काढला आणि पूर्व दिशा वर येईल असा टांगला. आपण शाळेपासून जो नकाशा पाहतो त्यात शेजारी बाजूला असतो, खांद्याशी. असा आडवा टांगला की खाली पायाशी एक अरुंद पट्टी उरते आणि तिच्या डोक्यावर हा एवढा थोरला भारत. त्या खोलीत नवी आलेली मंडळी सुरुवातीला थट्टा करायची, ‘चला, आता आपण व्हिलन’ वगैरे. मग जेवणापर्यंत त्यांची नजर त्या नकाशावर जायला लागायची आणि थट्टा थांबायची. एक पत्रकार मला म्हणाला होता, “सर, यांना पळायला मागे जागाच नाही हो.” त्याला मी म्हटलं, आता तुम्ही आत आलात.

बाहेरच्यांना हे काम समजावं म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकात तिला प्रतिरोधन म्हणतात. मी वर्गात साधं ‘धाक’ म्हणायचो. अणुबाँब वापरण्यासाठी नाही, समोरच्याने धजू नये म्हणून ठेवतात, हे दोन्हीकडचे मान्य करतात. इथपर्यंत सगळं गोड. पण बाँब आपल्या कोठारात असतो आणि धाक समोरच्याच्या डोक्यात असावा लागतो. तिथे तो काय रूप घेतो, हे आपल्या हातात नाही.

आपण म्हणतो, आम्ही पहिला वार करणार नाही, पण आमच्यावर झाला तर असा परत करू की पुन्हा उठायला नको. आपल्याला हे शहाणपणाचं वाटतं, आहेही. पलीकडच्या खोलीत ते कसं ऐकू येतं? तिथे पहिलं वाक्य कुणी धरतच नाही. वचन काय, उद्या बदलेल. दुसरं वाक्य मात्र छातीत बसतं. आता त्यांचं ऐका. ते म्हणतात, आमची फौज लहान, आमचा देश चिंचोळा, तुम्ही आत शिरलात तर आम्ही शेवटपर्यंत थांबणार नाही, आधीच वापरू. त्यांच्या लेखी ही हातातली एकमेव काठी. आपल्या खोलीत ते ऐकलं की लोक म्हणतात, धमक्या देतायत, पोकळ आहे सगळं.

हे काही आपल्याच दाराशी आहे असं नाही. अमेरिका आणि रशिया यांच्यातही तेच चाललं होतं. एकाने मानलं की दोघेही मरणार म्हणून कुणी सुरू करणार नाही. दुसऱ्याने मानलं की तरीही झालंच तर तयारी हवी, आणि जमिनीखाली आसरे खणले. खणणाऱ्याला ती काळजी वाटत होती. बघणाऱ्याने म्हटलं, आसरे खणतायत म्हणजे यांचा सुरू करायचा बेत आहे.

सरावाला गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची आली. एका कंपनीची माणसं आली होती, एकोपा वाढवायला म्हणून. त्यांनी दोन्ही देशांची मिळून सिमेंटची कंपनी काढायचा प्रस्ताव साहेबांकडे पाठवला आणि पोहायला गेले. एक निवृत्त राजदूत होते. अलीकडच्या खोलीतून अशी सुंदर निवेदनं लिहायचे की मी ती दोनदा वाचायचो. पण निवेदनं लिहिताना त्यांचे रणगाडे पुढेच येत होते, तेवढं थांबवायचं राहून गेलं. ‘माझी भाषा तुम्ही वाचलीच नाहीत’ म्हणून माझ्यावरच रुसले. आणि मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा बघणारे एक गृहस्थ होते, भारी चिकट माणूस. वायुगळती झाली की वारा बघून आडव्या दिशेने पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. बाँब पडल्याचं कळल्यावर ते साहेबांना विचारत बसले, लोकांनी जमायचं कुठे? जमायची जागा ठरलेली हवी. साहेब म्हणाले, अशी जागा नाही. गृहस्थ ऐकेनात, ‘नाही कशी, असायलाच हवी’ म्हणून हुज्जत घालत राहिले. आम्ही आधी हसलो. नंतर ते नकाशावर बोटाने जमायची जागा शोधायला लागले, तसं हसू थांबलं.

आता त्या सरावाबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

सीमेवर खरोखरचंच वातावरण तापलं होतं. टीव्हीवर दिवसभर आरडाओरडा, कर्जतच्या बाजारात सायरन वाजवून बघितला होता, किराणा दुकानांत मेणबत्त्या मागत होते लोक. अशात केंद्रावर तरुण अधिकाऱ्यांची एक तुकडी आली. हुशार पोरं. यातली काही पुढे दिल्लीत, जिथे निर्णय होतात त्या टेबलांच्या आसपास बसणार, हे उघड होतं. फोन फाटकावरच जमा केले. अलीकडच्या खोलीची मुख्य ऋजुता म्हणून होती. तिशीची, बोलायला कमी, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारी. मला ती पहिल्याच दिवशी आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी अलीकडे बातमी दिली की तुमची एक बस उडवली गेली. ऋजुताच्या खोलीने विचार करून उत्तर दिलं. शहरांपासून लांबचे तीन विमानतळ निवडले, तेवढेच फोडले आणि जाहीर केलं, आम्ही इथे थांबतो. त्यांच्या दृष्टीने संयम म्हणतात तो हाच. नंतर कळलं, त्या खोलीत एकमेकांची पाठ थोपटत होते.

पलीकडे आम्हाला साहेबांचा कागद आला. तीन विमानतळ गेले. त्यातल्या एकाच्या शेजारी आमच्या अणुबाँबच्या गाड्या उभ्या होत्या. ऋजुताला हे ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं! माझ्या खोलीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, हे काठीच काढून घेतायत हातातली. आणखी एक फेरी आणि आपल्याकडे काहीच उरणार नाही.” ‘आम्ही थांबतो’ हे निवेदन टेबलावर पडलं होतं. कुणी त्याच्याकडे बघेना.

मला काय करायचं ते कळत होतं, आणि हात पुढे होत नव्हता. बटण-बिटण काही नसतं तिथे, उठून साहेबांना सांगायचं असतं, पण सगळे ‘दाबलं’ असंच म्हणतात. मी दाबलं तर बाहेर माझं नाव कसं घेतलं जाईल, आणि तेही असल्या दिवसांत, हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि नाही दाबलं तर? तर ही सगळी हुशार पोरं ‘ते दाबत नाहीत’ असं शिकून दिल्लीला जातील. एक दिवस कुणीतरी ते खरं मानून पाऊल टाकेल. माझी अब्रू वाचेल आणि माणसं मरतील. आयुष्यभर मी एकच काम धड केलं होतं, त्या खुर्चीत खरं बसण्याचं. मी उठलो आणि साहेबांना सांगितलं.

पहिला बाँब लहान होता, सीमेवर जमलेल्या अलीकडच्या सैन्यावर, वाळवंटात. अलीकडून उत्तर आलं ते ठरल्याप्रमाणे सगळंच्या सगळं. मग आमच्याकडे जे उरलं ते आम्ही सोडलं. त्यातला एक मुंबईवर होता. साहेबांनी घंटा वाजवली तेव्हा जेवणाची वेळसुद्धा झाली नव्हती. अंगणात दोन्ही खोल्या समोरासमोर आल्या.

चर्चेला बसलो. ऋजुताने हात वर केला. “सर, एक विचारू? तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तरी दाबलं असतं का?”

सगळे खाली बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. “मॅडम,” मी म्हटलं, “तुम्ही खोलीबद्दल विचारताय की माझ्याबद्दल?”

ती गोरीमोरी झाली. “मला तसं नव्हतं म्हणायचं.”

“तुम्हाला कसं म्हणायचं होतं ते मला कसं कळावं? मला जे ऐकू आलं ते ऐकू आलं,” असं म्हणून मी उठून आलो. सगळ्यांसमोर. साहेब हाका मारत राहिले.

आठवड्याच्या आत गोष्ट गावात. केंद्रात स्वयंपाकाला कशेळ्याच्याच बायका असतात, तिथून ती निघाली आणि वाढत वाढत मोबाइलवर फिरली. पोशीरचा बाळाराम माझा शाळेपासूनचा दोस्त, भातशेतीवाला. बाजारात भेटला तसा मला वडापावच्या गाडीमागे ओढून म्हणाला, “आन्वर, तू मंबईवर बाँब टाकलास म्हंत्यात. खरं हाय का रं?”

“टाकला.”

“आनि माजी पोर आसते ना रं मंबईला. भांडुपला.”

“माझाही मुलगा असतो, कुर्ल्याला.”

“मंग कशापाय टाकलास?” तो चिडला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मला गाडीमागे उभं राहून ते सांगता येईना. शेवटी तोच म्हणाला, “जाऊ दे. लोकांला मी बगतो. पन तू ते काम सोड आता, ऐक माजं.” शमीमही तेच म्हणत होती. माझ्याशी नाही, भांड्यांशी. साहेबांचा फोन आला, “मास्तर, थोडे दिवस तुम्ही येऊ नका. वातावरण बरोबर नाही.” मी बरं म्हटलं. इतकी वर्षं ज्याने मला त्या खुर्चीत बसवलं त्यानेच हे म्हणावं, ते लागलं. फार लागलं.

पुढचा सराव माझ्याशिवाय झाला. पलीकडे एका भल्या प्राध्यापकांना बसवलं. त्यांनी दाबलं नाही. प्रत्येक टोल्यानंतर निषेधाचं पत्र काढलं. अलीकडची खोली जिंकली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मग साहेब स्वतः माझ्या दारात आले. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, “मास्तर, मी पोरांना खोटं शिकवतोय. तुम्हाला यावं लागेल.”

“येतो,” मी म्हटलं. “पण यावेळी मी अलीकडे बसेन.”

“मग पलीकडे कोण?”

“ऋजुता मॅडमना विचारा.”

मला वाटलं होतं ती येणार नाही. ती रजा काढून आली. आल्या आल्या मला म्हणाली, “सर, त्या दिवशी मी चुकीचं विचारलं. उत्तर मात्र मला अजून हवंय.” ती अंगण ओलांडून पलीकडच्या खोलीत गेली. जाताना तिने दार लोटून घेतलं.

आणि मी पहिल्यांदा अलीकडे बसलो. काय सांगू! नकाशा सरळ. चहा तोच, पण गोड लागला. सगळे ‘आपण’ म्हणत होते, आणि त्या आपणमध्ये मी होतो. मी काही बोललो की लोक मान डोलवायचे, माझं नाव ऐकून कुणी मधेच थबकत नव्हतं. इतकी वर्षं हे शेजारच्या खोलीत चालू होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला रडू येईल असं वाटलं.

साहेबांनी बातमी दिली, एक पूल उडवला गेलाय. आम्ही विचार केला. मी तर फारच केला. अणुबाँबच्या गाड्या कुठे असू शकतील याचा अंदाज घेऊन त्या भागाला हातच लावायचा नाही, असा आग्रह मीच धरला. दोन ठिकाणं फोडली आणि थांबलो. निवेदनही मीच लिहिलं, थांबतो म्हणून, साध्या स्वच्छ शब्दांत. मग आमच्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, “सर, तुम्हाला त्यांचं सगळं माहीत. ते दाबतील का?”

मी नकाशाकडे पाहिलं. शेजारी खांद्याशी होता, नेहमी असतो तसा. ऋजुताचा चेहरा आठवला, पूर्ण ऐकून घेणारी, समजूतदार. आमचं निवेदन आठवलं. “नाही,” मी म्हटलं. “यावेळी नाही दाबणार.”

अर्ध्या तासाने साहेब स्वतः कागद घेऊन आमच्या दारात आले. तिने दाबलं होतं.

घंटा झाल्यावर मी अंगणात आलो. ऋजुता समोरच्या पायरीवर बसली होती. मी विचारलं, “अहो, का? आम्ही थांबलो होतो. मी स्वतः लिहिलं होतं.”

तिने वर पाहिलं. “सर, तिकडे तुम्ही होतात ना. मला वाटत होतं, बाकी कुणाला नाही तरी तुम्हाला नक्की कळत असेल, इथे आम्ही किती घाबरलोय. आणि कळत असूनही तुम्ही फोडलंत, म्हणजे थांबणार नाही, असंच वाटलं.”

मला कळलं नव्हतं.